पुसायला सोपं कुठलं?

सातवीत शाळा सोडून मी वऱ्हाडातून कोल्हापुरात आलो आणि बंदुकांच्या दुकानात साफसफाईला लागलो. काम जाईल ही धास्ती कायम असायची. एकदा शिरोळकडच्या एक बाई आल्या. नवरा वारलेला, मळ्यात एकट्याच राहायच्या, हातात नवा परवाना.

मालक म्हणाले, "पिस्तूल घ्या, पुसायला सोपं. रिव्हॉल्व्हरची सहा भोकं एकेक करून घासावी लागतात."

मी पिस्तूल खोलून दाखवायला लागलो, तर आतली स्प्रिंग उडून कपाटामागं गेली. मालक माझ्यावर खेकसले.

बाई म्हणाल्या, "त्येला वरडू नगासा. हितं उडली म्हणून कळलं. मळ्यात मी कुणाला हुडकाय लावू?"

मालक म्हणाले, "दीर असतील की. ते देतील पुसून."

"मग हत्यार त्येंचंच झालं की!"

त्यांनी पदर खोचला, माझ्याकडून ब्रश घेतला आणि रिव्हॉल्व्हरचं एकेक भोक सावकाश घासलं. शेवटचं झाल्यावर म्हणाल्या, "ह्येच द्या." मग माझ्याकडं वळल्या, "तू स्प्रिंग हुडक. मी बसते."

स्प्रिंग सापडेपर्यंत त्या बाकावरून हलल्या नाहीत, आणि त्या समोर असताना मालकांना मला काढून टाकता आलं नाही.