डीपी जळाली ते सात दिवस

अण्णांना जाऊन आता महिना होईल. अजूनही कुणी भेटायला आलं की बोलणं फिरून त्या डीपीवरच, गावाच्या जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवरच येतं. एक जण काहीतरी सांगतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरं आठवतं. लाईट गेली होती सात दिवस, पण किस्से एवढे साठलेत की वाटतं, वर्षभर अंधारातच होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. झरीकडच्या खेड्यांत तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं त्यांनी. शेवटी मात्र पलंगापासून मोरीपर्यंत जायचं तरी दम लागायचा. फुफ्फुसं कामातून गेलेली. नाकाला नळी आणि उशाशी विजेवर चालणारी ऑक्सिजनची मशीन, दिवसरात्र घरघर करणारी.

ऐन पौषात, हरभऱ्याच्या पाण्यासाठी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या आणि सकाळी सकाळी डीपी जळाली. मशीन बंद पडली. मी घाबरून सिलेंडर जोडायला धावलो. अण्णा शांतपणे म्हणाले, "बरं झालं. लय दिवसांनी चिमण्या ऐकू यायल्यात."

*

सिलेंडर किती पुरणार? परभणीला दवाखान्यात जाऊ म्हटलं तर अण्णांनी मान हलवली. "मला हलवू नको. इथंच बरा हाय मी."

मग मंडपवाले चाँदभाई आठवले. लग्नाचा जनरेटर त्यांच्याकडे. फोन केला, तर संध्याकाळी ट्रॅक्टरला जोडून घेऊनच आले. मी विचारलं, "परवा ताडकळसला लग्न हाय ना तुमच्याकडं?"

"परवाचं परवा बघू, सर. अण्णानी माझ्या अब्बाचं शेवटचं पत्र भर पावसात आणून दिलतं."

घाईत लायटिंगच्या माळा काढायच्या राहिल्या होत्या. जनरेटर सुरू केला आणि आमचं अख्खं अंगण लाल-हिरवं झालं. चाँदभाई ओशाळून माळा काढायला धावले. अण्णा म्हणाले, "राहू दे रे. माझ्या लग्नाला नुसत्या दोन बत्त्या व्हत्या."

आतून आईचा आवाज आला, "त्यातली बी एक सारखी विझायची."

*

थंडी अशी, की सकाळी हंड्यातल्या पाण्यात हात घालवत नव्हता. डिझेल पुरावं म्हणून दुसऱ्या दिवसापासून जनरेटरवर मशीनशिवाय दुसरं काही लावायचं नाही असं ठरलेलं, म्हणून पाण्याचा हीटर बंद. अंगणात चूल पेटवली की धुरानं अण्णांना खोकल्याची उबळ यायची. म्हणून आईनं चूल समोरच्या कौसाकाकूंच्या परसात मांडली. सत्तरीची आई गरम पाण्याची कळशी घेऊन गल्ली ओलांडायची. मी हात पुढं केला तरी द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "अगं, तुझी पाठ बघ. आजच्याला मी बिनआंघोळीचा राहतो."

"तुमी कधी राहिलाव का? आता कशाला?"

त्या दिवशी आईनं त्यांची पाठ नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळली.

*

माझी बहीण मंदा पुण्याला. तिला नववा महिना, प्रवासाला डॉक्टरांची मनाई. चौथ्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मोबाईलची बॅटरी संपत आलेली. आम्ही अण्णांची खाट उन्हात घेतली होती.

"अण्णा, लाईट आली का?"

"कवाच आली की. बघ ना, किती उजेड हाय."

"मग खोकला का यायलाय एवढा?"

"ते हसायलोय मी. तुझी आई काहीबाही बोलायलीय."

आई तेव्हा घरात नव्हती. मोबाईल बंद पडला. मंदा अजून मला विचारते, "दादा, त्या दिवशी लाईट खरंच आली होती ना?" मी हो म्हणतो.

*

पाचव्या दिवशी अण्णा गेले. सकाळी दहाचं कोवळं ऊन होतं. ताडकळसच्या लग्नालाही न गेलेला जनरेटर चालू होता, मशीन चालू होती, नळी जागेवर होती. डॉक्टर म्हणाले, थंडीनं छाती भरली. दोष द्यायला मी मनात खूप जणांना उभं केलं, पण कुणावर बोट ठेवता येईना. शेवटी राहिलो मीच. परभणीला न्यायलाच हवं होतं, असं रोज वाटतं.

चाँदभाईंनी उठून जनरेटर बंद केला. एवढ्या शांततेची आम्हाला सवय नव्हती.

*

सातव्या दिवशी, दिवेलागणीला लाईट आली. सगळ्या गल्लीत पोरं ओरडली, "आली, आली!" कुणाचा टीव्ही लागला, कुणाची पाण्याची मोटार.

मग एकाएकी आवाज थांबले. टीव्ही बंद झाला. कौसाकाकूंच्या ओट्यावरचा बल्ब गेला, मग त्यांच्या शेजारचा, मग पलीकडचा. बघता बघता गल्ली पुन्हा अंधारात बुडाली.

आई कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती. तिनं विचारलं, "गेली का परत?"

"न्हाई, आई. हाय. अण्णांसाठी लोकांनीच दिवे बंद केलेत."

ती थोडा वेळ दाराबाहेर बघत राहिली. मग भिंतीला धरून उठली, दारापर्यंत गेली आणि बटण दाबून आमच्या ओट्यावरचा दिवा लावला.