बिनबाईचं बिऱ्हाड

चामराजपेटेत भाड्याचं घर बघायला गेलं की मालक तीन गोष्टी विचारायचे. लोक कोण, काम कुठं, ॲडव्हान्स किती देणार. वेणुगोपालला मात्र चौथीही विचारायचे, आणि गाडं तिथंच रुतायचं.

"मनेल्ली हेंगसरु यारू इल्वा?"

घरात बाईमाणूस कोणीच नाही का?

"नाही. बायको गेली. दोन मुली आहेत."

मग मालकीणबाई दाराच्या कडीवरचा हात न काढता "अय्यो पापा" म्हणायच्या. हळहळ खरी असायची, खोटं बोलून चालणार नाही. एखादी तर मुलींसाठी केळंही आणून द्यायची. आणि केळं हातावर ठेवता ठेवता म्हणायची, "तुम्ही एकटे, पोरी लहान. उद्या लोक काय काय बोलतील. स्वल्प दिवसांनी या, बघू." ते थोडे दिवस कुणाकडे कधी सरले नाहीत.

सन चौऱ्याण्णवची ही गोष्ट. त्याची बायको नीलिमा दसऱ्याच्या सुमारास काविळीनं गेली. मागे मेघाश्री नऊ वर्षांची, रक्षिता पाचची. वेणू शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कटर होता. राहायचा एका वठारात. मधे एक नळ आणि भोवती खोल्यांची ओळ, म्हणजे वठार. मालकाला तिथं तीन मजले चढवायचे होते. बाकीची बिऱ्हाडं एकेक करून निघून गेली, वेणूचं तेवढं राहिलं. मालक वाईट नव्हता. "उगादीपर्यंत राहा वेणू," म्हणाला, म्हणजे पाडव्यापर्यंत. "त्यानंतर मात्र कौलं उतरवणार."

दुकानात शेजारच्या मशीनवर बसवंत बसायचा. त्याच्या तोंडाला दोऱ्याच्या रिळासारखा अंत नव्हता.

"वेड्या, घर कशाला शोधतोस? बायको शोध. बायको आली की घर मागनं चालत येतं."

"गेलो होतो की एकीकडं," वेणू कात्री न थांबवता म्हणाला. "मुलीचा बाप म्हणतो, आधी घर दाखव."

"मग?"

"मग काय? घरवाला म्हणतो बायको दाखव, बायकोवाला म्हणतो घर दाखव. मी मधल्या मधे पोरी दाखवत फिरतोय."

बसवंत हसला, वेणूही हसला. पण त्या दिवशी एका बाहीचं कापड उलटं कापलं गेलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी आठवण झाली ती समाजाच्या फंडाची. शिंपी समाजातल्या जुन्या पैसेवाल्यांनी काढलेला हा फंड. देवळामागं त्यांचं स्वतःचं वठार होतं, गरजूंना नावापुरत्या भाड्यानं खोली मिळायची, वर महिन्याला थोडी मदत. रविवारी सकाळी समितीपुढं जायचं, आपली अडचण सांगायची.

आता वेणूचं काय चुकलं ते ऐका. समाजातल्या चार वडीलधाऱ्यांपुढं जायचं तर नीटनेटकं जायचं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. फाटक्यात जाणं म्हणजे त्यांचा अपमान. शिंप्याच्या पोरी, आणि फाटक्या? त्यानं दुकानात उरलेले निळे तुकडे मागून आणले, जोडून दोन झगे शिवले, गळ्याला पांढरी किनार लावली. जोड कुठं आहे ते भिंग लावूनही दिसलं नसतं. रविवारी पहाटे पोरींना न्हाऊ घातलं, तेल लावलं, घट्ट दोन-दोन वेण्या घातल्या, त्यांत अबोली माळली. स्वतः लग्नातला शर्ट घातला.

देवळाच्या पडवीत आधीच सात-आठ बायका बसलेल्या. विरलेली लुगडी, कोरडे केस, कडेवर शेंबडी पोरं. त्यांतल्या एकीनं तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय अण्णा, लग्नाला आलात वाटतं?"

वेणू लाजून हसला.

आत मेजामागं गुंडूराव बसले होते, फंडाचे चिटणीस. शेजारी शारदाबाई, समितीतल्या एकुलत्या बाई. त्यांनी रक्षिताला जवळ बोलावून झग्याची किनार चिमटीत धरली.

"सुरेख आहे हो. कुणी शिवला?"

"मीच."

"आणि वेण्या?"

"मीच."

"बाई गं. अबोलीचा गजरा?"

"तोही मीच ओवला, अक्का. स्वयंपाकही करतो. सारभात, भाकरी, सगळं. पोरींचं काही कमी पडू देत नाही."

"ऐकलंत का गुंडूराव? आमच्या सुनांना यांच्याकडं शिकवणीला पाठवायला हवं."

मेजामागं हशा पिकला. वेणूही मोकळेपणानं हसला. त्याला वाटलं, जमलं.

"मग झालं तर," गुंडूराव चष्मा पुसत म्हणाले. "छान चाललंय की तुमचं. बाहेर त्या बायका बघितल्यात ना? त्यांच्या तोंडचा घास काढून तुम्हाला द्यायचा?"

वेणूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. कुठं ठेवावं ते त्याला कळेना.

"राव, घर नाही हो मला. उगादीला रस्त्यावर येणार आम्ही."

"धडधाकट माणूस तुम्ही. फंड कुणासाठी आहे? विधवांसाठी, अनाथ मुलांसाठी. नेमच तसा."

"माझ्या पोरींना आई नाही."

"पण बाप आहे ना? बाप असताना पोरी फंडात कशा बसतील?"

"म्हणजे मी मेलो तर बसतील?"

"अशुभ बोलू नये देवळात," शारदाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेही खरंच होतं.

गुंडूरावांनी वेणूला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. माणूस मनानं चांगला. सगळा घोटाळा तिथंच होता. वाईट असता तर दोन शिव्या हासडून निघून तरी येता आलं असतं.

"बोम्मसंद्र्याला तुमची बहीण असते ना? कस्तुराबाई? नवरा वारलाय तिचा. तिला खोली देता येईल. पोरी तिच्याच म्हणून सांगा. मी बघितलं न बघितल्यासारखं करतो."

"तिच्या म्हणून?"

"सांगायला काय जातंय? पोरींना छप्पर मिळेल, महिन्याची मदत मिळेल."

"आणि मी?"

"ते बायकांचं वठार आहे हो. बाप्यामाणसाला दिवेलागणीपर्यंतच मुभा. या की रोज भेटायला. बहिणीचं तर घर."

कस्तुराबाई बोम्मसंद्र्याला दिराच्या घरात मागच्या पडवीत राहायची. वेणूनं सगळं सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"माझ्या नावावर खोली? एकटीच्या?"

"पोरी तुझ्या म्हणून सांगितल्या तर."

"मग सांगू की. त्यात खोटं ते काय? आत्या म्हणजे आईच. मला पोटचं एक तरी आहे का?"

"अक्का, पण मी—"

"वेणू, माझंही ऐक स्वल्प." तिनं भाजीचं सूप बाजूला सारलं. "तीन वर्षं मी या पडवीत निजते. पाऊस आला की अंथरूण उचलून दिराच्या दारात उभी राहते. जाऊ आधी कडी लावते, मग विचारते, भिजलात का जाऊबाई. मला दार हवंय रे. माझ्या बाजूनं कडी असलेलं."



तरी वेणू महिनाभर फिरलाच. हेब्बाळच्याही पलीकडे एक खोली मिळेल म्हणून कुणी सांगितलं. दोन बस बदलून गेला. तिथं दारात म्हातारी उभी होती. खोली बरी होती, नळही होता. म्हातारीनं विचारलं, "मनेल्ली हेंगसरु?" वेणू पुढचं ऐकायला थांबलाच नाही.

उगादीला घरोघर कडुलिंब आणि गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी गडी शिडी लावून छपरावर चढले. पहिलं कौल उतरलं, तेव्हा मेघाश्री आत चुलीपाशी बसून पाढे म्हणत होती. तिच्या पाटीवर उन्हाची चौकट पडली. तिनं वर बघितलं. "अप्पा, आभाळ दिसतंय," म्हणाली.

वेणू उठला आणि त्यानं बहिणीला निरोप धाडला. सरी, ठीक आहे. ये म्हणावं.

फंडाच्या वठारात खोली कोपऱ्यातली होती, हवेशीर. दाराशी बाकावर रघुपती नावाचा राखणदार बसायचा. म्हातारा कानानं तिखट. कस्तुराबाईनं पहिल्याच दिवशी दोघींना समोर बसवलं.

"इथं मला आई म्हणायचं."

"आणि अप्पाला?" रक्षितानं विचारलं.

"अप्पा माझा भाऊ. मी आई झाले की तो कोण?"

मेघाश्रीनं क्षणभर विचार केला. "मामा," म्हणाली. बेरीज बरोबर आल्यासारखी.

वेणू त्या संध्याकाळी आला, हातात बन होते. रक्षिता धावत सुटली, "अप्पाऽ!"

रघुपतीनं मान वर केली.

मेघाश्री खळखळून हसली. इतकी मोठ्यानं, की नळावरच्या बायकाही वळल्या. "वेडीच आहे ही! मामांना अप्पा म्हणते! अप्पांची फार आठवण येते हो तिला."

"आठवण येणारच, बिचारी," रघुपती म्हणाला आणि मान खाली घातली.

नऊ वर्षांच्या पोरीनं खोली वाचवली होती. तिला शाबासकी द्यायला वेणूनं हात उचलला, पण पोरगी त्याच्याकडं बघतच नव्हती. धाकटीचा दंड घट्ट धरून ती तिला आत घेऊन गेली.

वेणू दुकानातच कापायच्या टेबलावर निजू लागला. अंगाखाली गणवेशाचा कपडा. बसवंत म्हणायचा, "नशीबवान आहेस, गादी रोज नवी." वेणू दिवेलागणीला वठारात जायचा, पोरींचा अभ्यास घ्यायचा. रघुपतीनं काठी आपटली की उठायचा. पोरींना दूध मिळत होतं, मेघाश्री वर्गात दुसरी आली, कस्तुराबाईच्या अंगावर मांस चढलं. तक्रार करायची तर कशाची? रक्षिता मात्र पुन्हा कधी चुकली नाही.

कार्तिकात बसवनगुडीची शेंगांची जत्रा भरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाचे ढीग, माणसाला माणूस चिकटलेलं. वेणू दोघींना घेऊन गेला. वठारापासून लांब, ओळखीचं कुणी नाही. देवळाच्या उतारावर तो मुद्दाम खाली वाकला.

"रक्षू, इथं अप्पा म्हटलं तरी चालतं हं. इथं कोणी नाही."

रक्षितानं आजूबाजूला पाहिलं. मग मेघाश्रीकडं पाहिलं. मग नुसतीच मान डोलावली.

तेवढ्यात नंदीच्या पालखीमागून लोंढा आला. धक्क्यात रक्षिताचा हात सुटला. मेघाश्री हाताशी होती, धाकटी नव्हती. वेणू माणसांच्या पाठी बाजूला सारत, नाव घेऊन ओरडत सुटला. आणि मग कुठून तरी तिचा आवाज आला, फाटलेला, भेदरलेला.

"मामाऽ! मामाऽ!"

वेणू जागीच थबकला. खोटं बोलायला तिला तिथं वेळ तरी होता का?

एका शेंगांच्या ढिगाशी ती उभी होती. विक्रेती म्हातारी तिचे डोळे पुसत होती. मोडक्या मराठीत विचारत होती, "कुणाची गं तू? अप्पा यल्ली, कुठं?"

"अप्पा नाही. मामा आहे," रक्षिता हुंदके देत म्हणाली. मग तिला वेणू दिसला आणि तिनं त्याच्या पायांना मिठी मारली.

म्हातारीनं त्याच्याकडं मान वर करून पाहिलं. "मामा का तू?"

मेघाश्री बापाच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. म्हातारी रोज कुठं बसत असेल, कुणास ठाऊक. कदाचित देवळामागं. कदाचित वठाराच्या दाराशी.

"हो," वेणू म्हणाला. "मामा."

म्हातारीनं दोन्ही हातांनी उकडलेल्या शेंगा रक्षिताच्या झग्यात ओतल्या. वेणूनं पैसे काढायला खिशात हात घातला, तशी ती रागावलीच.

"दुड्डु बेडा. बिनबापाच्या पोरीकडून पैसे घेऊ?"

वेणूनं खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. मग तिथंच कडेला बसला आणि शेंगा सोलून दोघींच्या हातावर ठेवू लागला.