हलव्याचा वाद

गाजरहलव्याचा वास आला की मला बाबांचा दहावा आठवतो. गोदाघाटावर ऊन चढलं होतं आणि तीळ लावलेल्या पिंडाला कावळा काही शिवत नव्हता. मी आईला सांभाळायचं वचन दिलं, काकांनी बहिणीच्या लग्नाचं; कावळे झाडावरून नुसते बघत राहिले. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू का?" आई रडवेली झाली, "नको हो. काय राहिलंय यांच्या मनात?" बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांचे मित्र, हिंदीचे सर, मागेच उभे होते. हलवा हा शब्द संस्कृतातला की अरबीतला, यावर दोघं जन्मभर भांडले, तेही हलवा खाताना. सर पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "बरं, तुझंच खरं. संस्कृतातलाच. ये आता." कावळा लगेच उतरला. आई रडता रडता हसली. परतताना सर माझ्या कानात म्हणाले, "आहे मात्र अरबीच." गेल्या आठवड्यात त्याच घाटावर सरांचा दहावा होता. कावळा अडून बसला, तसे सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मनात बाबांची क्षमा मागितली आणि मोठ्याने म्हणालो, "सर, अरबी." पुढचं ऐकायलाही कावळा थांबला नाही.