बाजरीच्या कोठीतली पाकिटं

आमच्या घरात एक गोष्ट चाळीसेक वर्षं चुकीची सांगितली जाते. माझ्या बायकोला मूल नको होतं, म्हणून ती चोरून निरोध ठेवायची, अशी ती गोष्ट. निरोध होते हे खरं. पण ते मी आणले होते, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि मूल व्हावं म्हणून. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. मलाही वाटलं होतं.

लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा आम्ही पुण्याला जाऊन तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, शरीर जसं रोगजंतूंशी लढतं, तसं हिचं शरीर तुमच्या बीजाशी लढतं. सहा महिने बीज आत जाऊच देऊ नका, म्हणजे लढणं थंडावेल. मग प्रयत्न करा. सहा महिने निरोध वापरा.

आमच्या बोरी गावात ते विकत घेणं म्हणजे चावडीवर दवंडी पिटणं. मी एसटीने जुन्नरला जायचो आणि दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत उगाच बामच्या बाटल्या न्याहाळत उभा राहायचो. घरात अकरा माणसं, कुलूप लागेल असं एक कपाट नाही. मी पाकिटं बाजरीच्या कोठीत खुपसली. बायको म्हणाली, "तिथं नको. बाजरी संपत आलीय." मी म्हणालो, "मी बघतो." मी काय बघणार होतो, देव जाणे.

चौथ्या महिन्यात आईने दळणासाठी कोठीत हात घातला आणि पसाभर बाजरीबरोबर पाकीट वर आलं.

"सात वरसं मी नातवाची वाट बघती, अन ही बाजरीत हे लपवती!" आई अंगणात आली. बायको म्हणाली, "डाक्टरनं दिल्यात आत्याबाई, पोर व्हावं म्हणून."

आई हसली. "पोर व्हावं म्हणून पोर न व्हायचं औषध? येडी समजती का मला?" मग माझ्याकडे वळली. "तुला ठावं व्हतं का रं?"

धाकटा भाऊ होता, त्याची बायको होती, कुंपणापलीकडे शेजारीण खराटा हातात धरून थांबली होती. तपासणी, बीज, सगळं त्यांच्यासमोर उच्चारायचं? मी म्हणालो, "मला नाय ठाऊक."

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती चुलीकडे गेली. उरलेले दोन महिने झालेच नाहीत. डॉक्टरकडेही आम्ही परत गेलो नाही.

आईच्या हयातीत नको, मागाहून सांगू, असं ठरवलं. आई गेली, तर वाटलं, आता कोणाला सांगायचं? माणूस टाळायला किती हुशार असतो! गावातल्या प्रत्येक बारशाला बायको मागच्या रांगेत बसायची. मला ते दिसायचं, आणि मी पुरुषांच्या घोळक्यात पावसापाण्यावर बोलायचो.

गेल्या महिन्यात भावासकट आम्ही सगळे ओसरीवर कांद्याच्या पाती कापत होतो. पुतण्याच्या लग्नाला चार वर्षं झालीत, दवाखाना चालू आहे. त्याची बायको अवसरीला इंजिनिअरिंग शिकलेली. डॉक्टरांनी दोन महिने थांबायला सांगितलंय, एवढंच ती म्हणाली. लगेच माझी भावजय, म्हणजे तिची सासू, बोलली, "तुझ्या मोठ्या आईवानी करू नको म्हंजे झालं. तिनं बाजरीत काय लपवलं व्हतं, साऱ्या आळीला ठावं हाय."

बायको शेजारीच बसली होती. तिची विळी थांबली नाही. मी म्हणालो, "ती पाकिटं मी आणली व्हती."

"ऱ्हाऊ द्या भाऊजी! म्हातारपणी बायकोची बाजू घेताय."

"अगं, खरंच मी आणली व्हती. डॉक्टरनं सांगितलं व्हतं."

भाऊ म्हणाला, "तवा तर म्हणालास ठाऊक नाय."

"खोटं बोललो."

"मग आत्ता खरं बोलतोस कशावरनं?"

हात जोडावेसे वाटले. खोटं एका झटक्यात पचलं, चाळीस वर्षं टिकलं, आणि खऱ्याला साक्षीदार पाहिजे! शेवटी ती सूनच माझ्याकडे बघत सासूला म्हणाली, "आत्या, तात्या बरोबर सांगतायत. आमच्या डॉक्टरांनीच मला सांगितलंय. पूर्वी हा उपाय देत असत. आता डॉक्टर त्यावर फारसा भर देत नाहीत. आणि बाहेरचं काही आत आलं की पांढऱ्या पेशी धावतातच, सगळ्याच बायकांच्या शरीरात. त्यात मोठ्या आईंचा दोष काय?"

भावजयीने कांदा उचलला, ठेवला. "आमाला कोण सांगणार व्हतं?" ती म्हणाली. हे मात्र बरोबर होतं.

संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "आळीत घरोघर जाऊन सांगतो."

"कुणी ऐकायचं नाय. भावानं तरी ऐकलं का?" ती म्हणाली. "लिहा. अन मी कोठीत नको म्हणाले व्हते, तेबी लिहा."

ती नको म्हणाली होती. मी ऐकलं नाही.