धावण्यात पहिला

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर शाळेत छडीनं गणित शिकवलं, आणि सत्तरी उलटल्यावर दुबईत येऊन एका कुत्र्याला मात्र आवाजसुद्धा न चढवता शिकार शिकवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. माझ्या नवऱ्याचा तर पाहूनही बसला नाही.

सासूबाई गेल्यावर बाबा गावी एकटे पडले, म्हणून हिवाळ्यात आम्ही त्यांना दुबईत अल बर्शाला, आमच्या फ्लॅटवर आणलं. मी घरात लॅपटॉपला चिकटलेली, नवरा ऑफिसात, आणि बाबा बाल्कनीत मेट्रो बघत बसलेले. रात्री जेवताना बाप-लेकाचं बोलणं काय, तर "भाजी घे" आणि "हो." मला बाई या शांततेचा असा राग यायचा! परत जायच्या आधी या दोघांनी एकदा तरी मनापासून बोलावं, एवढीच माझी इच्छा होती.

अडलं होतं कुठे ते मला माहीत होतं. नवरा सहावीत असताना धावण्याच्या शर्यतीत पहिला आला. बक्षीस म्हणून कडीचा स्टीलचा डबा मिळाला. तो नाचत घरी घेऊन आला, "बाबा, बघा!" आणि शर्यतीसाठी शिकवणी बुडवली म्हणून बाबांनी त्याला अंगणात सगळ्यांदेखत फोडून काढलं. डबा माळ्यावर गेला. नवरा पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. लग्नानंतर ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, पण ती सांगताना चाळिशीतल्या माणसाचा चेहरा पुन्हा सहावीतला झाला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक स्कॉटिश साहेब राहायचे. त्यांची नोकरी रुवैसच्या रिफायनरीत, निम्मा महिना तिकडे, निम्मा इथे. त्यांच्याकडे रिट्रीव्हर जातीचा काळा कुत्रा होता. उन्हाळ्याआधी नोकरी संपवून ते मायदेशी जाणार होते आणि तिथे त्याला बदकांच्या शिकारीला न्यायचं होतं. हा कुत्रा स्वतः शिकार मारत नाही हो. बंदुकीनं पडलेलं पाखरू पाण्यातून उचलायचं, दात न लावता आणायचं आणि मालकाच्या हातात द्यायचं, हे त्याचं काम. पण हा पठ्ठ्या तोंडात घेतलेलं सोडेच ना. जबडा घट्ट आवळून सोफ्याखाली शिरायचा. आधीच्या ट्रेनरनं त्याला पट्ट्यानं मारून शिकवलं होतं, असं साहेब लिफ्टमध्ये सांगत होते. ते रुवैसला गेले की तो केनेलमध्ये, कुत्र्यांच्या पाळणाघरात, खातपीत नसे.

मी बाबांना मराठीतून सांगितलं, तर बाबा म्हणाले, "सूनबाई, त्यांना म्हणावं माझ्याकडे ठेवा. नाहीतरी इथे रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतोय."

बाबांचे वडील, शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीच्या काळात, तित्तर आणि सशांची शिकार करायचे. "आमचा कुत्रा पाखराचा पार चेंदा करून आणायचा," बाबा म्हणाले. "मग आम्ही त्याला बडवायचो. मग तो आणखीनच चेंदा करायचा."

साहेबांनी नियम सांगितले आणि मी ते मराठीत करून दिले. मारायचं नाही. ओरडायचं नाही. तो पळाला तर मागे धावायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, तो जे काही घेऊन येईल, चुकीचं असो, उशिरा असो, हातातलं काम टाकून खाली बसायचं आणि आनंदानं घ्यायचं. आणलेलं एकदा झिडकारलं, की तो परत आणत नाही. हा शेवटचा नियम बाबांनी मला पुन्हा सांगायला लावला.

मग काय, आमच्या घरात शाळा भरली. कुत्र्याचं इंग्रजी नाव बाबांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते त्याला 'बाळा' म्हणू लागले. बंदुकीच्या आवाजाला घाबरू नये म्हणून तो जेवत असताना बाबा लांबच्या खोलीत ताटावर चमचा हळूच वाजवायचे, मग रोज थोडं जवळ येऊन. शेजारणीनं बेल वाजवून विचारलं, आज कसली आरती आहे? कप्पाळ माझं! त्यानं माझी चप्पल आणली, ओली फरशीपुसणी आणली, एकदा पूजेची घंटा आणली. प्रत्येक वेळी बाबा गुडघे धरत खाली बसले, वस्तू त्याच्या तोंडातच राहू दिली, छाती चोळली आणि म्हणाले, "माझ्यासाठी आणलंस? शाब्बास रे बाळा." मग हळूच, "दे." फरशीपुसणीला शाब्बास! मी तोंडाला पदर लावून हसायचे. पण महिन्याभरात तो जबडा सुटायला लागला.

सुट्टीच्या दिवशी नवरा आम्हाला उम्म अल कुवैनला न्यायचा. तिथे खाडीकाठी निवांत उथळ पाणी आहे. बाबा पाखराऐवजी कॅनव्हासची गुंडाळी पाण्यात फेकायचे, बाळाला थांबवून ठेवायचे आणि मग वॉचमनकडून उचललेल्या अरबी शब्दात सोडायचे, "यल्ला!" एके दिवशी त्यानं ती गुंडाळी पोहत आणली, काठावर आला, अंगही झाडलं नाही आणि बाबांच्या ओंजळीत अलगद ठेवली. बाबा ओल्या वाळूत बसकण मारून चक्क रडले. मी टाळ्या वाजवल्या आणि मागे वळून पाहिलं, तर नवरा गाडीकडे निघालेला.

"काय झालं?" मी गाठून विचारलं.

"काही नाही. मला कधी बाळा म्हणाले नाहीत."

त्याला वाटलं वाऱ्यात ऐकू जाणार नाही. पण बाबांनी ऐकलं असावं, कारण त्याच आठवड्यात त्यांनी गावी पुतण्याला फोन लावला. त्याचा एक मित्र दुबईला येत होता. त्याच्या सामानातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो डबा आला. आमच्याकडे कुणाला भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून देतात. बाबांनीही पुतण्याकरवी गावच्या भांड्यांच्या दुकानातून त्यावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं घालून घेतली होती : 'चिरंजीवास, धावण्यात पहिला आल्याबद्दल. बाबांकडून.'

सकाळी नवरा पोहे खात होता. बाबा समोर उभे राहिले आणि डबा दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांना बोलता येतच नव्हतं, ते बिचारे घेऊन आले होते.

नवऱ्यानं अक्षरं वाचली. त्याचा जबडा आवळला गेलेला मला दिसला. घे रे, मी मनात म्हणत होते. हातातला चमचा टाक आणि घे.

"आता कशाला, बाबा?" तो म्हणाला. "नको मला."

"बरं," बाबा म्हणाले. मग आत गेले आणि त्या डब्यात कुत्र्याचा खाऊ भरून ठेवला. नवरा बाथरूममध्ये शिरला आणि बराच वेळ नळ नुसता वाहत राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे दोन्ही सुंभ जळत होते आणि मी मध्ये पोह्याची कढई धरून उभी होते. तो बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, जा, अजून वेळ गेलेली नाही. तो म्हणाला, "बघतो." ते बघणं दिवसामागून दिवस पुढे ढकललं गेलं. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

उन्हं तापायला लागली. साहेब कुत्र्याला घेऊन गेले, पाठोपाठ व्हिसा संपला म्हणून बाबाही गेले. विमानतळावर नवरा वाकून पाया पडला, बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघं विमान वेळेवर आहे की नाही याबद्दल बोलले.

परवा साहेबांचा फोटो आला. धुक्यातलं तळं, बाळा बसलेला, त्याच्या तोंडात बदक. एक पीस विस्कटलेलं नाही. मी फोन नवऱ्यापुढे धरला. तो हसला, मग त्यानं फोटो बोटांनी मोठा केला. साहेबांच्या बुटाजवळ गवतात कडीचा स्टीलचा डबा होता. त्यानं आणखी मोठा केला, पण अक्षरं फुटली, वाचता येईनात.

त्यानं तिथूनच गावी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, माझा डबा..."

बाबा अगदी साधेपणानं म्हणाले, "अरे, तू नको म्हणालास ना. मग मी बाळाबरोबर दिला."