न्हाणीमागचं कोहळं

आई यवतमाळच्या दवाखान्यात भरती होती, तेव्हा आमच्या आर्णीच्या घरी न्हाणीमागे एक वेल वाढला. तो कुणी लावला नव्हता. भाजीच्या बिया, सालं, भांड्यांचं पाणी सगळं तिकडेच जायचं, त्यातलंच काहीतरी रुजलं असावं. आम्ही परतलो तोवर वेल न्हाणीच्या टिनावर चढला होता आणि त्याला एकच फळ लागलं होतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. त्या दिवसांत मला एकाच गोष्टीचा हिशेब ठेवायला जमत होतं, आईच्या पोटात काय गेलं.

कावीळ उतरली होती, भूक मात्र परत आली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या तपासणीपर्यंत ती नीट जेवू लागली नाही, तर पुन्हा भरती करावं लागेल. मी मऊ भात करायचे, मुगाचं वरण करायचे, ताक घुसळायचे. ती दोन घास घेऊन ताट सरकवायची. मी रागावत नव्हते, कारण रागवायलाही अंगात जोर लागतो. ऑफिसातून फोन यायचे, सुटी किती वाढवणार म्हणून. मी ते वाजू द्यायचे. दवाखान्याचा तो वॉर्ड, तिथला फिनाइलचा वास आणि खुर्चीवर बसून काढलेल्या रात्री मला पुन्हा नको होत्या. तिला तर त्याहून नको होत्या, पण घास काही जात नव्हता.

एका सकाळी मी तिला अंगणात उन्हात बसवलं. ती बराच वेळ टिनाकडे बघत होती.

"कोहळं लागलं की आपल्या इथं," ती म्हणाली. "त्याची भाजी कर आज. खाईन मी."

आजारी पडल्यापासून तिनं स्वतःहून एखाद्या पदार्थाचं नाव घेतलं, ते पहिल्यांदाच. मी स्टूल घेतलं आणि फळ तोडून आणलं.

हातात घेतल्यावर मात्र मला शंका आली. आपल्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा. तो गोल, चपटा, बाहेरून खाचा असलेला. याला दुधीसारखी लांब मान होती, खाली फुगीर पोट होतं आणि साल फिकट बदामी, गुळगुळीत. मी फोटो काढून मोबाईलला विचारलं. त्यानं आधी बटरनट नावाचा परदेशी भोपळा सांगितला, दुसऱ्या फोटोला दुधी आणि तिसऱ्याला लाल भोपळा. मी मोबाईल बाजूला ठेवला, आमच्याकडची विळी, पावशी, पुढे ओढली आणि फळ तिच्या पात्यावर धरलं.

"थांब! तू कायले चिरून राह्यली?" आई बसल्या जागेवरून ओरडली. तेवढ्यानं तिला धाप लागली.

"मग कोण चिरणार?"

"अख्खं कोहळं बाईनं फोडत नसते. घरचा मोठा पोरगा असते तो. पहिला चिरा माणसाच्या हातचा, मंग आपण काही करा."

मला हे माहीत नव्हतं. बाबा होते तोवर ते चिरत असतील, माझं लक्ष नसेल. ते गेल्यावर बाजारातून चिरलेली फोडच यायची, त्यामुळे प्रश्नच आला नाही.

"पण हे कोहळं आहे कशावरून? मान बघ ना. दुधी असेल. दुधी तर मी रोज चिरते."

"पान पाह्य त्याचं. पान कोहळ्याचं हाय."

आमचा आवाज ऐकून शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. मी त्यांना फळ दाखवलं. त्यांनी ते बोटानं वाजवून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"कोहळ्यानं दुधीले पळवून नेलं वाटते! हे त्याइचंच लेकरू." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या विंग्रजी शाळेत याचं नाव नाही शिकवलं काय वो?"

"काकू, काका आहेत का घरी?"

"ते कायचे घरी! कापूस वेचाले बाया लावल्या ना, वावरात गेले. अंधार पडल्याबिगर येत नाहीत."

तोवर थांबून चालणार नव्हतं. आईला जी काही भूक लागायची ती दुपारीच. संध्याकाळी तिला फोडणीचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. गुपचूप चिरून टाकावं, असंही मनात आलं. पण ती विचारणार, मी अडखळणार आणि ताट पुन्हा सरकणार. मग मी ते फळ कडेवर घेतल्यासारखं धरून फाटकात जाऊन उभी राहिले.

माणसं जात होती. एक दुचाकीवरून गेला, त्याच्या मागून दुसरा. मी तोंड उघडेपर्यंत ते पुढे गेलेले असायचे. खरं तर मी मुद्दामच उशीर करत होते. ओळख नसलेल्या माणसाला हाक मारणं मला कधीच जमलेलं नाही. शेवटी समोरच्या घरी सिलेंडर देणारा गाडीकडे परत येताना दिसला.

"भाऊ, जरा..." मी म्हटलं.

त्यानं माझ्या हातातल्या फळाकडे पाहिलं. "घरी माणूस नाही का?"

हा प्रश्न कुणी अनोळखी माणसानं विचारला की मी नेहमी खोटं बोलते. बाबा झोपलेत, भाऊ आत्ताच बाहेर गेलाय, असं काहीतरी. इतक्या वर्षांत ते इतकं सवयीचं झालंय की तेव्हाही ते ओठांवर आलंच होतं. पण भाऊ असता तर मी फळ घेऊन फाटकात कशाला उभी राहिले असते?

"नाही," मी म्हटलं. "आई आणि मीच असतो."

"मंग चाकू आणा. आमच्या तांड्यावरही असंच हाय. मी गेल्याबिगर माही बायको कोहळ्याले हात लावत नाही. मले एक दिवस उशीर झाला, तर घरात नुसती चटणी-भाकर."

तो आत आला नाही. फाटकाच्या पायरीवर फळ ठेवून त्यानं उभा चिरा दिला आणि दोन्ही हातांनी दोन भाग केले. आतून ते नारिंगी निघालं.

"पाहा, हाय का नाही कोहळं!" तो म्हणाला. "आपोआप उगवलेलं दिसते. आधी कच्चं चाखजा ताई, कडू लागलं तर फेकून द्या." गाडी सुरू करून तो गेला. मी आत येऊन फाटकाला कडी लावली, मग पुन्हा एकदा ती नीट बसली का ते पाहिलं.

कच्चा तुकडा जिभेवर ठेवला. कडू नव्हता, गाजर आणि काकडीच्या मधलं काहीतरी लागलं. थुंकून चूळ भरली आणि थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. मग चमचाभर तेलात मेथीदाणे, जरासं तिखट, हळद, अर्ध्या फळाच्या फोडी, आणि कोहळ्याला घालतात तेवढं पाणी. पण ते कोहळ्यासारखं शिजलं नाही. मी सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडून होईपर्यंत सगळ्या फोडी विरघळल्या होत्या. कढईत नारिंगी लापशी होती. ती आटवत मी तशीच उभी राहिले. नव्यानं काही करायचं त्राण नव्हतं आणि दुपार निघून चालली होती. चिमूटभर गूळ टाकला आणि ताट वाढलं.

आईनं फुलक्याचा तुकडा त्यात बुडवून तोंडात घातला. चावायचं थांबून माझ्याकडे पाहिलं.

"हे कोहळं नाही."

"मग काय आहे?"

"मले काय माहीत? कोहळं असं पिठूळ लागत नाही."

"दुधी?"

"दुधीही नाही." तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. "म्हणजे तूच चिरलं असतं तरी चाललं असतं."

ती हसायला लागली, हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. मग तिनं ताट पुढे केलं.

"वाढ अजून. आणि फुलकाही दे."

तिनं दोन फुलके खाल्ले. बोटानं ताट पुसलं. मी समोर बसून प्रत्येक घास घशाखाली उतरताना पाहत होते आणि ते तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मधूनमधून दाराकडे बघत होते.

"उरलेल्याचे बोंडं कर, गूळ घालून," हात धुताना ती म्हणाली.

"तुला तळलेलं चालत नाही."

"एक खाईन."

"अर्धं."

"बरं, अर्धं."

अर्ध्या बोंडासाठी फळ किसायचं, कणीक भिजवायची, तेल तापवायचं, नंतर ती तेलकट कढई घासायची. नुसत्या विचारानंच माझ्या पोटऱ्या दुखू लागल्या. मी पावशी ओढून घेतली आणि उरलेल्या भागाची साल काढायला बसले.