कुलपाची आत्या

कॉलेजात त्याला सगळे कुलूप म्हणत. नाव चेष्टेने पडलं होतं, पण स्वारी ते पदवीसारखं मिरवत होती. संगणक विभागाच्या सायबर सुरक्षा मंडळाचा तो सचिव. मंडळात दुसरं कोणी फार काळ टिकलं नाही, त्यामुळे अध्यक्ष तोच आणि सभासदही तोच. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावली होती. कॅन्टीनचं फुकट वायफाय तो शिळ्या अन्नासारखं टाळायचा. लॅबमध्ये कोणी लॉगआउट न करता पाणी प्यायला उठलं, तर परत येईपर्यंत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ‘मी बेसावध आहे’ असं लिहिलेलं असे. जिन्यात त्याची पोस्टरं होती: ‘अनोळखी लिंकवर क्लिक कराल तर पस्तावाल.’ खाली त्याचा हुद्दा आणि हसरा फोटो. लोक सुरक्षित राहिले तर कोणाच्या कृपेने राहिले, हे त्यांना कळायला नको?

हा लहानपणापासून आत्याकडे वाढलेला. आत्याची कोपऱ्यावर लॉन्ड्री होती आणि लॉन्ड्रीत एकच कायदा चालायचा: पावती दाखवा, कपडे न्या. ओळखदेख तिच्या दारात चपलांबरोबर बाहेर राही. शेजारच्या डॉक्टरीणबाई रोज तिच्याशी तासभर गप्पा मारत, पण पावती विसरल्या तर त्यांनाही आल्या पावली परत जावं लागे. भाच्याचा शर्ट चुकून गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यात गेला, तर तोही पावतीशिवाय बाहेर येत नसे.

अशा बाईला कुलपाने शहाणं करायचं ठरवलं. एका सुट्टीच्या दिवशी त्याने तिला समोर बसवून पाठ पढवला. "हे बघ आत्या, अनोळखी नंबरवरून फोन आला, समोरचा घाईत असला आणि तुझ्या मोबाईलवर आलेला कोड मागायला लागला, की समजायचं चोर आहे. मी बोलतोय असं म्हणाला तरी चोरच. आता यंत्रातून आवाजसुद्धा हुबेहूब काढतात."

"तुझा आवाज काढून कोणाचं काय भलं होणार आहे?" आत्याने विचारलं. पण नियम तिला मनापासून आवडला. तिच्याच कायद्याचा तो धाकटा भाऊ होता.

आता त्या दिवसाची गोष्ट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कॉलेजच्या खात्यातून पाठवायचा होता, तोही दुपारच्या घंटेच्या आत. राहिला तर वर्ष गेलं. कुलपाच्या प्रोजेक्टचा विषय होता ‘फसव्या ई-मेल कशा ओळखाव्यात’. फाईल तयार होती, खात्यातच ठेवलेली होती. हातात भरपूर वेळ होता. पाठवण्याआधी सहज मेल बघाव्यात म्हणून लॅबमध्ये बसल्या बसल्या त्याने पेटी उघडली, आणि समोर हे: ‘अभिनंदन! वर्षातील सर्वांत जागरूक विद्यार्थी म्हणून आपली निवड झाली आहे. पुरस्कार निश्चित करण्यासाठी येथे क्लिक करून पासवर्ड भरा.’

दुसऱ्या कोणाला अशी मेल आली असती, तर कुलपाने ती कोसावरून ओळखली असती. पाठवणाऱ्याचा पत्ता बघून दात काढले असते, भाषण ठोकलं असतं. पण या मेलची तो तीन वर्षं वाट बघत होता. त्याने क्लिक केलं, पासवर्ड भरला, वर आभाराचे दोन शब्दही लिहिले.

थोड्याच वेळात मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, मला पुरस्कार मिळाला!" मग खिडकीजवळून, "मलाही!" प्राचार्यांना मिळाला, ग्रंथपालबाईंना मिळाला. सगळ्यांना कुलपाच्याच खात्यातून मिळाला. पाठोपाठ कॉलेजच्या यंत्रणेने ते खातं बंद करून टाकलं. उघडायचं असेल तर नोंदवलेल्या मोबाईलवरचा कोड भरा, असं स्क्रीन म्हणू लागली. प्रवेश घेताना त्याच्याकडे मोबाईल नव्हता. नोंदवलेला नंबर आत्याचा होता.

"सर, फाईल आतच अडकलीय," तो प्रोजेक्टच्या सरांना म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मग काढ बाहेर," सर म्हणाले. "खात्यातून आली तरच घेता येते. घंटा झाली की मला दार बंद करावं लागेल."

त्याचा स्वतःचा मोबाईल लॅबबाहेरच्या कपाटात होता. लॅबमध्ये मोबाईल नको, हा नियम मंडळानेच, म्हणजे त्यानेच, भांडून करून घेतला होता. कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडे होती आणि शिपाईकाका जेवायला गेले होते. उरला सरांच्या टेबलावरचा जुना फोन. त्याचा रिसीव्हर केव्हाच बिघडला होता, स्पीकर तेवढा चाले, आणि चालेही खणखणीत. लॅबमधल्या सगळ्यांनी टायपिंग थांबवलं.

"आत्या, मी बोलतोय. तुझ्या मोबाईलवर आत्ता एक कोड आला असेल बघ. तो सांग पटकन, खूप घाई आहे."

पलीकडे इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, "अनोळखी नंबर. घाई. आणि कोड. मेल्या, सगळ्या खुणा पटल्या तुझ्या! बाईमाणसाला लुबाडतोस? समोर ये, पाठीवर इस्त्री फिरवते!"

फोन बंद. लॅबमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. कुलपाने पुन्हा नंबर फिरवला.

"आत्या, ठेवू नकोस! अगं मीच आहे, तुझा भाचा!"

"माझ्या भाच्यानेच सांगून ठेवलंय, भाचा म्हणून फोन येईल."

"आवाज तरी ओळख की माझा!"

"आवाज यंत्रातून काढतात. यंत्र बाकी झकास आहे हं तुमचं. रडका सूर अगदी जमलाय."

आता अख्खी लॅब पोट धरून हसत होती. कुलपाने घड्याळाकडे पाहिलं आणि तो घाईघाईने म्हणाला, "काहीही विचार मला. माझी जन्मतारीख विचार. पाय कधी मोडला ते विचार. माझी शाळा..."

"ते सगळं त्याने त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलंय. डॉक्टरीणबाई दाखवतात मला. पायाच्या प्लास्टरचा फोटो आहे. दाढ काढली त्या दाढेचाही आहे. कुणीही चोर वाचून पाठ करेल." आत्या पुढे म्हणाली, "मी मात्र त्या पानावर कुठे नाही. दुकानही नाही. बरेच दिवस बघतेय. म्हणून माझ्याबद्दलच विचारते. ते चोराला ठाऊक असायचं कारण नाही."

ती हे रुसून म्हणाली नाही. गठ्ठ्यातले शर्ट मोजावेत तसं सरळ म्हणाली. लॅबमधलं हसू हळूहळू ओसरलं. आत्या ‘वस्त्रनिगा क्षेत्रात’ असते, असं कुलपाने सगळ्यांना सांगितलं होतं. घरच्या गोष्टी जगाला सांगू नयेत, ही सुरक्षेचीच बाब आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. ती समजूत आता त्याला फारच फाटकी वाटली. त्याला लाज वाटली, आणि ती लॉन्ड्रीची नव्हती.

"विचार," तो म्हणाला.

"पिवळ्या चौकटींच्या शर्टाला मी काय म्हणते?"

कुलपाने मान वर केली. पिवळ्या चौकटींचा शर्ट समोरच उभा होता. आत प्रोजेक्टचे सर होते.

"आत्या, दुसरं काहीतरी विचार ना."

"चोर असशील तर ठेव फोन."

"जेवणाचा डबा," कुलूप पुटपुटला.

"का म्हणते?"

"कारण... कालचं सगळं जेवण त्याच्यावर वाचता येतं."

"आणि मालकाला?"

"बिनझाकणाचा." कुलपाने डोळे मिटून घेतले. सरांनी खाली वाकून स्वतःचा खिसा तपासला.

"हे खरं निघालं," आत्या म्हणाली. "आता शेवटचं. मी इस्त्री करायची तेव्हा तू कुठे असायचास?"

याला मात्र त्याला विचार करावा लागला नाही. "टेबलाखाली. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर. तिथे ऊब असायची. तू वर एकेका शर्टाला नावं ठेवायचीस, मी खाली गृहपाठ करायचो, आणि तुझी बडबड ऐकता ऐकता मला झोप लागायची. मग तू चादरीसकट उचलून घरी न्यायचीस." तो मागे वळला. "आमची लॉन्ड्री आहे," हे तो कोणी विचारलेलं नसताना, साऱ्या लॅबकडे बघून म्हणाला.

पलीकडे आत्याने नाक ओढल्याचा आवाज आला. स्पीकर खणखणीत असल्यामुळे तो कोणालाच चुकला नाही. "लिहून घे," ती म्हणाली, आणि एकेक आकडा दोनदा सांगत तिने कोड दिला.

खातं उघडलं. फाईल गेली, आणि ती गेल्याचं सरांच्या स्क्रीनवर दिसतंय तोवर घंटा वाजली. सर खिशावरचा डाग नखाने खरवडत म्हणाले, "तुमच्याकडे टाकलेल्या दुसऱ्या शर्टाची पावती हरवलीय रे. आता ओळखीवर देतील ना?"

"नाही देणार, सर," कुलूप म्हणाला.

दुपारभर त्याने पासवर्ड बदलले आणि साऱ्या कॉलेजची माफी मागितली. जिन्यातल्या पोस्टरांवरचे स्वतःचे हसरे फोटो काढून टाकले. संध्याकाळी तो दुकानात शिरला आणि आत्यासमोर मोबाईल धरला.

"हे काय चाललंय?"

"तुझा फोटो काढतोय. माझ्या पानावर टाकायला. दुकानाच्या पाटीसकट."

आत्याने केस सारखे केले, इस्त्री हातात घेतली आणि ऐटीत उभी राहिली. फोटो निघाल्यावर तिने मोबाईल हातात घेऊन तो बराच वेळ निरखला. चांगला आला होता. तिलाही आवडलेला दिसला. मग तिने मोबाईल त्याच्या हातात परत दिला.

"ठेव तुझ्यापाशी. टाकू मात्र नकोस."

"का गं? अजून रागावलीस?"

"छे रे. पण पुढच्या वेळी अडकलास, तर मी तुला ओळखू कशावरून?"